एका वर्षाची खुर्ची आणि पुढची तीस वर्षे



परवा नातेपुत्याच्या बाजारात चहा घेताना निवडणुकीच्या गप्पा निघाल्या. एक वयस्कर सभासद म्हणाले, "मुंबईचा महापौर म्हंजे काय, मुंबईचा राजाच की हो!" आम्ही तिथे हसून वेळ मारून नेली. पण या समजुतीविषयी पत्रिकेतून चार शब्द लिहावेत असे वाटले. त्यासाठी उदाहरण घेतले आहे कै. मुरली देवरा यांचे.

देवरा यांचा जन्म १० जानेवारी १९३७ चा. मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले. पेशाने उद्योजक. धंद्यात जम बसलेला माणूस सहसा वॉर्डातल्या गटारी नि नळाच्या तक्रारी ऐकायला बसत नाही. देवरा मात्र नगरसेवक झाले आणि १९७७ साली मुंबईच्या महापौरपदी बसले.

आता ही खुर्ची कशी असते ते बघा. आपल्याकडे संचालक मंडळ निर्णय घेते, चेअरमन त्याचे प्रमुख आणि कार्यकारी संचालक अंमलबजावणी करतात. मुंबई महापालिकेत ठराव सभागृह करते, पण कारभाराची सही आयुक्तांची, आणि आयुक्त नेमायचे राज्य सरकारने! महापौर सभेचे अध्यक्ष आणि शहराचे पहिले नागरिक. मान मोठा, अधिकार थोडा. त्यातून त्या काळी मुदत एकाच वर्षाची. म्हणजे राजा वगैरे काही नाही.

वर्ष सरले, खुर्ची गेली. १९८० साली दक्षिण मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, ते पडले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आपला धंदा बरा. देवरा यांनी तसे केले नाही. १९८४ साली त्याच मतदारसंघातून ते निवडून आले. पुढे काही वेळा जिंकले, काही वेळा हरले. मुंबई काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी बावीस वर्षे सांभाळले.

पण आम्हाला मोठे वाटते ते वेगळेच काम. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दवाखाने, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या, रेल्वे आणि सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास बंदी घालण्याचा आदेश दिला. २००३ साली कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. आज एस.टी.त कोणी विडी शिलगावली तर शेजारची बाई "विझवा की हो ती" असे हक्काने म्हणू शकते. त्या हक्कामागे हा खटला आहे. आणि तो लढायला महापौरपद लागले नाही.

दुसरी गोष्ट थेट आपल्या उसाशी निगडित आहे. जानेवारी २००६ मध्ये देवरा केंद्रात पेट्रोलियम मंत्री झाले आणि पाच वर्षे ते खाते त्यांच्याकडे राहिले. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम त्याच वर्षी वीस राज्यांपर्यंत नेण्याचे ठरले. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने इथेनॉलला लिटरमागे २७ रुपये तात्पुरता दर ठरवून दिला. याचे सारे श्रेय एका माणसाला देणे बरोबर नाही. शिवाय कागदावरचे पाच टक्के प्रत्यक्षात आलेच नाहीत. २०१३-१४ साली मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. वीस टक्क्यांची मजल गाठायला २०२५ साल उजाडावे लागले. तरी मळीला हक्काचे गिऱ्हाईक हवे, आणि ते तेल कंपन्यांच्या रूपाने मिळू शकते, ही वाट त्या वर्षांत रुळत गेली. मळीला भाव आला की उसाच्या बिलाला टेकू मिळतो, हे सभासदांना आम्ही काय सांगावे!

२४ नोव्हेंबर २०१४ रोजी देवरा यांचे निधन झाले. त्यांचे राजकारण कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. ते असो. पण ग्रामपंचायत असो, सोसायटी असो की कारखाना, मते मागायला माणूस दारात आला, की खुर्चीवर असताना काय केलेत एवढेच विचारून थांबू नका. खुर्ची गेल्यावर काय केलेत, हेही विचारा. चहाच्या टपरीवरच्या आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांना आमचे उत्तर एवढेच आहे.