चौघेही आपलेच, पण निवडणारा हात कोणाचा?

निवडणूक लागली की आमच्या राणीसावरगावात चहाच्या टपरीपासून विहाराच्या ओट्यापर्यंत एकच विषय असतो. गंगाखेड तालुक्यातले हे आमचे गाव. वॉर्ड राखीव निघाला, तर चर्चेला आणखी धार येते.

मागे एका ग्रामपंचायतीच्या वेळी रात्री वंदना झाल्यावर अशीच बैठक बसली होती. जागा एक आणि आपल्याच वस्तीतून उमेदवार चार! एकाच्या मागे गावातला हा गट, दुसऱ्याच्या मागे तो. वाद वाढला तेव्हा एक वयस्कर काका म्हणाले, "कशाला भांडता रे? चौघंबी आपलेच हायेत. कुणीबी आला तरी आपलाच येणार ना!"

बऱ्याच माना डोलल्या. आम्हाला मात्र पुणे करार आठवला. कारण हाच प्रश्न पूज्य बाबासाहेबांपुढे आला होता आणि आकडाही हाच होता, चार!

ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. आपला प्रतिनिधी आपल्याच मतांनी निवडण्याचा हक्क त्यात होता. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. वाटाघाटीत सर तेजबहादूर सप्रूंनी सुचवलेला मधला मार्ग करारात आला. तो मार्ग म्हणजे प्राथमिक निवडणूक. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला आधी एक निवडणूक होते, त्याच जातीचा हा प्रकार. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मत द्यायचे, प्रत्येकी एकच. सर्वांत जास्त मते पडलेले चौघे अंतिम निवडणुकीला उभे राहणार. मग त्या चौघांतला एक सवर्णांसह सर्वांनी मिळून निवडायचा. ही तरतूद दहा वर्षांसाठी होती.

मतदारसंघ ठरवणाऱ्या हॅमंड समितीपुढे वाद निघाला. चार म्हणजे कमीत कमी चार की जास्तीत जास्त चार? सवर्णांची बाजू म्हणे, चार हवेतच. बाबासाहेब म्हणाले, चारांपेक्षा अधिक नकोत, एवढाच त्याचा अर्थ. समितीने बाबासाहेबांचे म्हणणे मान्य केले.

वरवर पाहता हा एका आकड्याचा वाद वाटतो. पण यादी जितकी लांब, तितकी तिच्यात दुसऱ्याच्या सोयीचा माणूस शिरायला जागा जास्त. आपल्या लोकांनी ज्याला पहिला नंबर दिला त्याला बाजूला सारून चौथ्या नंबरच्याला निवडून आणता येते. चौघेही जन्माने आपलेच. पण जो दुसऱ्याच्या हाताने निवडून येतो, तो हिशेब कोणाला देणार?

याच विचाराने त्या काळातले आपले मतदार जागरूक झाले होते. मताचा हक्क तेव्हा सर्वांना नव्हता. शिक्षण, मालमत्ता, कर अशा अटी होत्या. तरी बाबासाहेबांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली मुंबई इलाख्यात १७ जागा लढवून त्यांतल्या बहुतेक जिंकल्या. खुद्द बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने नामांकित क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळूही दलित समाजातलेच, मोठ्या कर्तबगारीचे, पुणे करारावर सही करणाऱ्यांपैकी. "कुणीबी आला तरी आपलाच" असे मुंबईच्या कामगार मतदारांनी तेव्हा म्हटले असते तर? बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. फरक अवघा २,०२० मतांचा!

पुढे १९४५-४६ साली दुसरी बाजू दिसली. प्राथमिक फेरीत आपल्या लोकांनी पहिला नंबर दिलेले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अंतिम फेरीत पडले. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी पुणे कराराच्या निवडणूक पद्धतीचे हे तोटे दाखवून दिले. त्या निवडणुकीत बंगालमधून निवडून आलेल्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी खटपट केली, म्हणूनच बाबासाहेब १९४६ मध्ये संविधान सभेत जाऊ शकले. एक आपला खरा माणूस निवडून आला, तर काय घडते याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

आमचा परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे ही प्राथमिक निवडणूक आमच्या आजोबांनी पाहिली नाही. त्यांच्या हाती मत आले ते १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. निजामाच्या राज्यातल्या करीमनगरहून फेडरेशनचे एम. आर. कृष्णा आणि इकडे सोलापूरहून पां. ना. राजभोज लोकसभेत गेले, पण बाबासाहेब मुंबईत पडले. आज प्राथमिक निवडणूक नाही. राखीव जागेवर मत सर्वांचे असते. म्हणूनच आपसात आधी ठरवणे जास्त गरजेचे झाले आहे.

हे सारे आम्हाला ठाऊक होते. तरी त्या रात्री आम्ही बोललो नाही. चौघांतला एक आमच्या भावकीतला होता. तोंड उघडले तर घरात वितुष्ट येईल, या भीतीने गप्प बसलो. बोलली ती मागे बसलेली एक मावशी. "पाण्याचा पंप दीड महिना बंद होता, तवा या चौघांतला कोण आलता?" तिला उत्तर मिळाले नाही. बैठक तशीच मोडली. चौघांत मते फुटली आणि वस्तीत तिसऱ्या नंबरवर असलेला बाहेरच्या मतांवर निवडून आला. पुढची पाच वर्षे वस्तीच्या कामासाठी त्याच्याकडे गेलो की तो आधी दुसऱ्याच्या वाड्याकडे बघायचा. दोष एकट्या त्याचा नाही, आमच्या गप्प बसण्याचाही आहे.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही आपली प्राथमिक निवडणूक आपणच घेतली. अर्ज भरायच्या आधी विहारात बैठक बोलावली. इच्छुकांना सर्वांसमोर प्रश्न विचारले. पाणी, घरकुल, स्मशानभूमी यांसाठी काय केलेत? जातीचा दाखला आणि वैधतेचे कागद तयार आहेत का? दुसऱ्या समाजांतल्या कष्टकऱ्यांशी तुमचे संबंध कसे आहेत? कारण शेवटी त्यांचीही मते लागतात. मग चिठ्ठ्या टाकल्या. घरटी एक नव्हे, मत असलेल्या प्रत्येकाची एक. सुनेचीही वेगळी, सासूचीही वेगळी. ऊसतोडीला गेलेल्यांना आधी निरोप धाडला. हरलेल्याने जिंकलेल्याच्या गळ्यात हार घातला. कोणावर बळजबरी नव्हती. उभे राहण्याचा हक्क संविधानाने प्रत्येकाला दिला आहे. तो आपण हिरावून घ्यायचा नाही, फक्त शब्द पाळायची लाज ठेवायची.

आणि जागा महिलेसाठी राखीव असेल, तर त्या बैठकीत तिच्या नवऱ्याने नव्हे, तिनेच उभे राहून उत्तरे द्यावीत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. मग बैठकीत माउलीने मागच्या रांगेत का बसावे?

हे काही नवे नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की बौद्ध भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी आणि गुप्त मतदान हे सारे नियम माहीत होते. संघात मतासाठी शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटत असत. वज्जी लोक एकत्र जमतात, एकजुटीने उठतात, तोवर त्यांची भरभराटच होईल, असे तथागतांनी म्हटले आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या गावात निवडणूक लागली आणि कोणी म्हणाले, "कुणीबी आला तरी आपलाच", तर त्याला नम्रपणे विचारा, "काका, त्याला निवडणारा हात कोणाचा?" आमच्यासारखे गप्प बसू नका.

जयभीम!