संगीत चित्रपट, पुरस्कार आणि चाहत्यांचा रोष : मराठीतील काही उदाहरणांच्या आधारे विवेचन

प्रास्ताविक

एखाद्या संगीत चित्रपटास पुरस्कार मिळाला अथवा मिळाला नाही, म्हणजे त्याच्या चाहत्यांत जी चर्चा रंगते ती बहुधा करमणुकीचा विषय मानली जाते. प्रस्तुत लेखिकेचे मत याहून थोडे निराळे आहे. विक्रोळीच्या आमच्या महाविद्यालयात मराठी विषय शिकविताना संगीत नाटकाचा घटक आला की विद्यार्थी प्रथम नाटकाविषयी बोलत नाहीत. ते चित्रपटाविषयी बोलतात. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगमंचावर पाहिलेला विद्यार्थी वर्गात क्वचितच असतो, चित्रपट मात्र बहुतेकांनी पाहिलेला असतो. मग कोणीतरी विचारतोच, "मॅडम, एवढा चांगला चित्रपट, मग संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार का नाही?" शिक्षक-कक्षातही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत निघतो आणि तेथे 'दिल्लीत मराठीला कोण विचारतो' हे ठरलेले उत्तर मिळते. हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. ते का पुरेसे नाही, आणि चाहत्यांच्या तक्रारीत खरे काय आहे, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

नामांकन म्हणजे काय आणि ते कोठे असते

प्रथम शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक ठरते. 'नामांकन हुकले' हा वाक्प्रयोग चाहते सर्व पुरस्कारांबाबत सरसकट करतात. तथापि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ज्या अर्थाने फिल्मफेअर अथवा ऑस्कर यांची नामांकने असतात त्या अर्थाने नामांकनेच नसतात. निर्माता प्रवेशिका पाठवितो, परीक्षक मंडळ चित्रपट पाहते आणि विजेत्यांची यादी एकदम जाहीर होते. अंतिम फेरीत कोण होते हे अधिकृतपणे कळविले जात नाही. राज्य शासनाच्या मराठी चित्रपट पुरस्कारांत मात्र आधी नामांकने घोषित होतात. त्यामुळे राज्य पुरस्कारांच्या वेळी डावलले गेल्याची तक्रार निदान एखाद्या प्रसिद्ध यादीवर बोट ठेवून करता येते. राष्ट्रीय पुरस्कारांच्या वेळी ती केवळ तर्कावर उभी राहते.

दुसरा घोळ वर्षाचा आहे. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी चित्रपटाचे वर्ष ठरते ते त्याला मिळालेल्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरून, चित्रपटगृहात तो कधी लागला यावरून नव्हे. 'जोगवा' प्रदर्शित झाला २००९ मध्ये, पण पुरस्कार मिळाले ते २००८ या वर्षाचे, आणि त्यांची घोषणा झाली जानेवारी २०१० मध्ये. त्या महिन्यात चित्रपटगृहांत 'नटरंग' चालू होता. संगीतकार दोन्हीकडे अजय-अतुल. त्यांना 'जोगवा'साठी सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला तेव्हा अनेकांनी तो मनोमन 'नटरंग'च्याच खात्यावर जमा केला असावा. पुढे सप्टेंबर २०१० मध्ये २००९ या वर्षाची यादी आली. तीत 'नटरंग' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, पण गीतांच्या संगीताचा पुरस्कार 'देव डी'साठी अमित त्रिवेदी यांना आणि अभिनयाचा 'पा'साठी अमिताभ बच्चन यांना गेला. गुणा कागलकराची भूमिका करणारे अतुल कुलकर्णी यांना त्या वर्षी आशिया पॅसिफिक स्क्रीन पुरस्कारांत नामांकन होते, हे लक्षात घेता चाहत्यांना वाटलेली हळहळ अनाठायी म्हणता येत नाही.

'सैराट'चे उदाहरण याहून बोलके आहे. चित्रपट प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ रोजी. रिंकू राजगुरू हिचा विशेष उल्लेख मात्र मार्च २०१६ मध्येच, म्हणजे २०१५ च्या यादीत, जाहीर झालेला होता. महाराष्ट्राने ती गाणी डोक्यावर घेतली तेव्हा चित्रपटाचे पुरस्कार-वर्ष संपून गेले होते. त्यामुळे २०१७ च्या यादीत 'सैराट' का नाही हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. वर्गात ही बाब सांगितली असता विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत नाही, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे. नियम कळल्याने हळहळ कमी होत नाही.

तीन चित्रपट, तीन गायक

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. मराठी संगीत रंगभूमीच्या परंपरेतून आलेले तीन महत्त्वाचे चित्रपट गेल्या दीड दशकात राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत आले. रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व' (२०११), सुबोध भावे दिग्दर्शित 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) आणि निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'मी वसंतराव' (पुरस्कार-वर्ष २०२०, प्रदर्शन २०२२). या तिन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा पुरस्कार मिळाला. तो अनुक्रमे आनंद भाटे, महेश काळे आणि राहुल देशपांडे यांना. तिन्हींपैकी एकालाही संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला नाही, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचाही नाही. तो त्या त्या वर्षी 'शाळा', 'रिंगण' व 'गोष्ट एका पैठणीची' यांना गेला. 'बालगंधर्व'ला वेशभूषा व रंगभूषा यांचे आणि 'मी वसंतराव'ला ध्वनी आरेखनाचे पारितोषिक मिळाले, ही जमेची बाजू.

तीन वेळा नेमके एकच घडावे, हा निव्वळ योगायोग मानावा काय? मराठीविषयीच्या अनास्थेने याचे स्पष्टीकरण होत नाही, कारण याच काळात मराठी चित्रपटांना संगीताचे पुरस्कार मिळालेले आहेत. 'जोगवा'चा उल्लेख वर आलाच आहे. २०१२ या वर्षासाठी सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'संहिता'ला गीतांच्या संगीताचा पुरस्कार (शैलेंद्र बर्वे) आणि पार्श्वगायिकेचा पुरस्कार (आरती अंकलीकर-टिकेकर) असे दोन्ही मिळाले. 'संहिता'ही रागसंगीताच्याच वातावरणात वावरणारा चित्रपट आहे. मग फरक कोठे पडला?

लेखिकेच्या मते फरक पडला तो रचनेच्या मालकीत. 'संहिता' आणि 'जोगवा' यांचे संगीत चित्रपटासाठी रचलेले होते. 'बालगंधर्व'मधील पदांचा मोठा भाग गंधर्व नाटक मंडळींच्या काळाचा आहे. त्यामागे भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांची प्रतिभा उभी आहे. चित्रपटाचे संगीतकार कौशल इनामदार यांनी नव्या रचना केल्या आणि जुन्या पदांना पडद्यावर आणण्याचे नाजूक कामही केले. परंतु 'सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शन' या विभागात या दुसऱ्या कामाला नाव नाही. 'कट्यार'मध्ये ही गुंतागुंत अधिकच वाढते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या मूळ नाटकाचे संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. चित्रपटात त्यांची काही पदे राहिली आणि त्यांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आल्या. प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडताना एक अखंड अनुभव घेऊन पडतो. परीक्षकाला मात्र त्यातून अभिषेकीबुवांचे किती आणि नव्या संगीतकारांचे किती, हे वेगळे करावे लागते. अशा वेळी गळा हीच एक निर्विवाद गोष्ट उरते, कारण रचना जुनी असो वा नवी, गायन आजचेच असते. परीक्षक मंडळाची चर्चा खुली नसल्यामुळे हा तर्कच आहे. पण तीन चित्रपटांचा क्रम पाहता तो सहज बाजूस सारता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. महेश काळे यांना ज्या 'अरुणि किरणी' या गीतासाठी गौरविण्यात आले ते नाटकातील नव्हे. ते समीर सामंत यांनी चित्रपटासाठी लिहिले व शंकर-एहसान-लॉय यांनी स्वरबद्ध केले. म्हणजे नव्या रचनेकडे परीक्षकांचे लक्ष गेले होते, तरी संगीताचा पुरस्कार एम. जयचंद्रन यांना मल्याळम चित्रपटासाठी मिळाला. आक्षेप योग्य आहे. त्याला लेखिकेकडे पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की, गीताचा गौरव आणि संपूर्ण चित्रपटाच्या संगीताचा गौरव या दोन वेगळ्या तुला आहेत, आणि संमिश्र संगीत दुसऱ्या तुलेत हलके पडते.

गायक-नटाचे दोन तुकडे

चाहत्यांच्या वादातील दुसरा धागा अधिक खोल आहे, आणि तो शिक्षकांनी उचलून धरावा असा आहे. 'कट्यार'च्या पुरस्कारानंतर अनेकांनी विचारले, सदाशिवचे श्रेय कोणाचे? पडद्यावर दिसतात ते सुबोध भावे, ऐकू येतात ते महेश काळे. खाँसाहेबांच्या बाबतीत दिसतात सचिन पिळगावकर आणि गातात राहुल देशपांडे. पंडित भानुशंकरांच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतः अभिनयही करतात आणि गातातही. एकाच चित्रपटात दोन वेगळ्या व्यवस्था नांदतात, आणि पुरस्काराचे विभाग त्यांपैकी एकीसाठीच आखलेले आहेत.

संगीत नाटकाचा कणा म्हणजे गायक-नट. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, छोटा गंधर्व यांच्या बाबतीत गाणे कोठे संपते आणि अभिनय कोठे सुरू होतो हे सांगता येत नसे. सुरुवातीच्या बोलपटानेही हीच रीत चालविली. प्रभातच्या 'धर्मात्मा'त (१९३५) बालगंधर्व एकनाथ झाले ते स्वतःच्या आवाजासह. 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस स्वतः गायले, आणि तो चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. पुढे पार्श्वगायन रुळले, आवाज आणि देह वेगळे झाले. राष्ट्रीय पुरस्कारांत पार्श्वगायनाचा विभाग आला तो १९६७ च्या चित्रपटांपासून. पहिला मान 'उपकार'साठी महेंद्र कपूर यांना मिळाला. त्याच वर्षी बालगंधर्व निवर्तले आणि त्याच वर्षी 'कट्यार'चा पहिला प्रयोग झाला. या योगायोगातून कोणताही सिद्धांत निघत नाही, परंतु वर्गात कालपट मांडताना तो उपयोगी पडतो.

'मी वसंतराव'ने या विभागणीची विसंगती उघडी केली. राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची, म्हणजे मूळ नाटकात खाँसाहेब रंगविणाऱ्या डॉ. वसंतराव देशपांडे यांची, भूमिका केली आणि गायनही स्वतःच केले. स्वतःच्याच चेहऱ्यामागून गाणाऱ्यास 'पार्श्व'गायक म्हणणे म्हणजे शब्दाला ताण देणेच होय. पुरस्कार योग्य व्यक्तीस मिळाला, पण योग्य नावाने मिळाला असे म्हणवत नाही. त्याच वर्षी पार्श्वगायिकेचा पुरस्कार 'अय्यप्पनुम कोशियुम'साठी नंचियम्मा या आदिवासी लोकगायिकेला मिळाला आणि तालीम नसलेल्या गळ्याला हा मान द्यावा काय यावर केरळात वाद झाला. एका यादीत एकाच विभागात घराण्याची तालीम आणि रानातले गाणे शेजारी बसले होते. आपल्याकडे मात्र त्या वादाची फारशी दखल घेतली गेली नाही, याचे वैषम्य वाटते.

परदेशातील अनुभव

ही अडचण केवळ आपली नाही. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'ने आठ ऑस्कर मिळविले, पण नायिका ऑड्री हेपबर्न यांना नामांकनही मिळाले नाही. त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन यांच्या आवाजात होती. रंगमंचावर तीच भूमिका गाजविलेल्या ज्युली अँड्र्यूज यांना चित्रपटात घेतले नव्हते. त्यांनी त्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स'साठी अभिनेत्रीचा ऑस्कर पटकावला. रसिकांचा वाद आजही शमलेला नाही. मौलिक गीताच्या विभागात गीत चित्रपटासाठीच रचलेले असावे असा ऑस्करचा नियम आहे. म्हणून रंगभूमीवरून पडद्यावर येणाऱ्या संगीतिकांत एखाददुसरे नवे गीत मुद्दाम घातले जाते. 'एव्हिटा'ला (१९९६) गीताचा ऑस्कर मिळाला तो अशाच नव्या गीतासाठी. 'ड्रीमगर्ल्स'ला (२००६) त्या वर्षी सर्वाधिक, म्हणजे आठ नामांकने होती. त्यांपैकी तीन गीताच्या एकाच विभागातली, तरी तो विभागही हातचा गेला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत तर त्याचे नावच नव्हते. नंतर एका चित्रपटाची दोनहून अधिक गीते नामांकित होऊ नयेत असा नियम झाला. तेथे निदान नियम लिखित आहे आणि चाहते नियमाशी भांडू शकतात.

चाहत्यांचा रोष आणि वर्ग

वरील विवेचनानंतर पुन्हा विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येणे प्राप्त आहे. कन्नमवार नगरातील एका विद्यार्थ्याने गटचर्चेत असा मुद्दा मांडला की, पुरस्कार शंकर महादेवन यांना मिळायला हवा होता, कारण ते 'दोन्ही' करतात. दुसऱ्या एकीने त्यास विरोध केला. तिच्या मते गाणे डोळे मिटून ऐकावे आणि मग ठरवावे. दोघांनाही कल्पना नव्हती की, ते संगीत रंगभूमीच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्नावर बोलत आहेत. गद्य नट आणि गायक नट यांच्या तुलनेचा वाद आपल्या समीक्षेत जुना आहे. तो पाठ्यपुस्तकातून शिकविताना निर्जीव वाटतो, आणि पुरस्काराच्या तक्रारीतून आला की वर्ग जागा होतो. त्यानंतरच्या तासाला लेखिकेने 'घेई छंद मकरंद' या पदाची नाटकातील दोन निरनिराळी रूपे ऐकविली. एकच पद दोन घराण्यांच्या दोन वृत्तींनी गायले जाते आणि नाटकाचा सारा संघर्ष त्यात सामावतो, हे ऐकल्यावर डोळे मिटून ठरवू म्हणणारी विद्यार्थिनी थोडी गप्प झाली.

जानेवारी २०२५ मध्ये सुबोध भावे यांचा 'संगीत मानापमान' प्रदर्शित झाला. खाडिलकरांचे मूळ नाटक १९११ चे, पदांच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि चित्रपटाचे संगीत पुन्हा शंकर-एहसान-लॉय यांचे. या चित्रपटाविषयी वर्गात लेखी काम दिले तेव्हा एक रकाना मुद्दाम कोरा ठेवला होता : 'या चित्रपटासाठी पुरस्काराचा एक नवा विभाग सुचवा.' आलेल्या उत्तरांत 'जुन्या पदाची नवी मांडणी' हा विभाग सर्वाधिक वेळा आला. एकाने केवळ 'गायक-नट' एवढेच लिहिले होते.