वहीतली 40 नावं

मिरजेतल्या एक परिचारिका, पुण्यातले बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी, जालन्याकडचे एक शाळामास्तर. या तिघांची एकमेकांशी ओळख नाही. तिघेही ख्रिस्ती, एवढंच काय ते समान. आजाऱ्याच्या उशाशी काही न बोलता कसं बसायचं, संस्थेचा हिशोब पै-पैशाने कसा जुळवायचा, चिडलेल्या माणसाचं म्हणणं शेवटपर्यंत कसं ऐकून घ्यायचं, हे तुम्ही कुठे शिकलात, असं मी त्यांना वेगवेगळ्या वेळी विचारलं होतं. तिघांनी एकच उत्तर दिलं: कॉलेजात असताना, विद्यार्थी गटात. कुणी पाळकांचं नाव घेतलं नाही, की मोठ्या वक्त्याचं. आठवण निघाली ती कुणाच्या तरी घरातल्या सतरंजीची आणि शनिवारच्या संध्याकाळची. विशीतल्या पोरांनी, स्वतःचंच अजून धड ठरलेलं नसताना, दुसऱ्यांची जबाबदारी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला पाहायचं होतं. म्हणून मी नगरच्या अशाच एका गटाकडे जाऊ लागले.

शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, बोलण्यात मात्र सगळ्यांच्या 'नगर'च येतं. गट भरतो तो एका निवृत्त शिक्षकांच्या घरी. मुलं त्यांना 'सर' म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला 'मावशी'. बाहेरच्या खोलीतला दिवाण भिंतीला लावायचा, सतरंज्या पसरायच्या, गीतांची पुस्तकं वाटायची. गीत, प्रार्थना, वचनाचा अभ्यास, पुन्हा प्रार्थना, मग गवती चहा घातलेला चहा. कार्यक्रम एवढाच, दीड तासाचा.

गटाची जबाबदारी त्या वर्षी नेवासे तालुक्यातून आलेल्या, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीकडे होती. तिच्या हातात कायम एक दोनशेपानी वही असायची. शास्त्र, म्हणजे बायबल, घरी विसरेल, पण वही विसरणार नाही. मी ती चाळायला मागितली तेव्हा तिने आधी मधली काही पानं क्लिपने बंद केली आणि मग दिली. उघड्या पानांवर नावं होती. नावापुढे गाव, वर्ग, खोलीचा पत्ता आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात नोंदी: 'आईचं ऑपरेशन, विचारणे.' 'मेसचे पैसे थकलेत.' 'गणित राहिलंय.' 'माझ्यावर रागावली आहे, बरोबर आहे तिचं.'

"किती नावं आहेत?" मी विचारलं.

"40. येतात 11."

"मग बाकीची खोडत नाहीस?"

"नाही ना. 11 तर येतातच. आमचं काम त्या 29 जणांचं आहे."

हे तिने अगदी सहज सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं. मला मात्र तो 29चा आकडा पुढे कितीतरी दिवस सोडेना. सभेला किती आले हे मोजणारी माणसं सगळ्याच धर्मांत आणि पक्षांत भेटतात. न आलेल्यांची मोजदाद ठेवणारी फार थोडी.

ही मुलगी शाळेत असताना वक्तृत्वाच्या ढाली घरी आणायची. गटात आली ती बोलायला मिळेल म्हणूनच, हे तिनेच सांगितलं. पहिल्या वर्षी सरांनी तिला एकदाही पुढे उभं केलं नाही. मावशींबरोबर चहा करायचा आणि ही वही सांभाळायची, एवढं काम दिलं. "इतका राग यायचा," ती म्हणाली. "समोर कुणीतरी अडखळत बोलतंय, मला सगळं येतंय, आणि मी आत आलं किसतेय." तिला पुढे आणायचं हे सरांच्या मनात पहिल्यापासून होतं, फक्त आधी तिने माणसं ओळखावीत असं त्यांना वाटत होतं. मला हे कठोर वाटलं आणि योग्यही वाटलं.

खरं काम गुरुवारी चालतं, शनिवारच्या तयारीला. तीन-चार मुलं सरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसतात. शास्त्रातला एक उतारा घ्यायचा, तो दोनदा-तीनदा मोठ्याने वाचायचा. आधी इथे दिसतंय काय ते पाहायचं, मग त्याचा अर्थ लावायचा, मग आपल्या जगण्याशी ते कसं जुळतं ते विचारायचं. या तीन पायऱ्यांवर प्रश्न लिहायचे. उत्तरं लिहून न्यायची नाहीत. प्रश्न लिहून झाले की सर लाल पेन काढतात. त्यांचा नियम एकच: ज्या प्रश्नाला 'हो', 'नाही' किंवा 'येशू' असं उत्तर देऊन सुटता येतं, तो खोडायचा. त्या गुरुवारी मुलीने लिहिलेल्या नऊ प्रश्नांपैकी सहा गेले. वहीच्या कोपऱ्यात ती स्वतःसाठी सूचना लिहिते. त्या दिवशीची सूचना होती: 'प्रश्न विचारून थांबणे. पाणी पिऊ नये, पानं उलटू नयेत.'

असं थांबून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं नगरशी जुनं नातं आहे. 1806च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, तेव्हा ते एका गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि तिथेच आशियासाठी प्रार्थना करत बसले. त्या पाचांच्या ध्यासातून 1810मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल 1813मध्ये मुंबईत उतरला, आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. 1831मध्ये ते नगरला पोचलं. 1842मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक नगरहूनच निघू लागलं. पुढे नारायण वामन टिळकांच्या कवितेला आणि सेवेला जी भूमी मिळाली तीही हीच. भारतात विद्यार्थ्यांची स्वतंत्र चळवळ 1912मध्ये स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटच्या रूपाने आली आणि 1954मध्ये युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडियाची स्थापना झाली. अशा चळवळींनी धरलेलं एक सूत्र मला महत्त्वाचं वाटतं: गट विद्यार्थ्यांनीच चालवायचा. मोठ्यांनी घर द्यावं, चहा द्यावा, विचारलं तर सल्ला द्यावा. नगरच्या सरांचं लाल पेनही गुरुवारी रात्री खिशात जातं. शनिवारी ते दाराजवळ बसतात आणि बोलत नाहीत.

त्या शनिवारी मार्काच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय होता. कफर्णहूमच्या घरात येशू बोलतोय, दाराशी गर्दी, आणि चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. आत शिरता येत नाही म्हणून छपरावर चढतात, ते उकरतात आणि त्याला खाली सोडतात. वाचन झालं. मुलीने विचारलं, "छप्पर उकरायला त्या चौघांना काय काय करावं लागलं असेल?"

कुणीच बोललं नाही. पंखा फिरत होता. एकाने गीतांचं पुस्तक उगाच उघडून मिटलं. मी तिच्याकडे पाहत होते. उत्तर तिच्या अगदी ओठावर होतं, कारण गुरुवारी तिने ते फार सुंदर मांडलं होतं: प्रेमाला अडथळे दिसत नाहीत वगैरे. तिने अंगठा तळहातात घट्ट दाबून धरला होता, नख पांढरं पडेपर्यंत. ती थांबली. मला अवघडल्यासारखं झालं. या मुलीला कुणीतरी सोडवा, असं वाटू लागलं.

मग भिंतीला टेकलेला एक मुलगा बोलला. पाथर्डीकडचा, पहिल्या वर्षाचा. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. तो नियमित येत होता, पण मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"माळवद असंल तर सोपं नाय ते," तो म्हणाला.

"कसं?" मुलीने एवढंच विचारलं.

"आमचं घर माळवदाचंय ना. खाली लाकडं आस्त्यात, वर फळ्या, त्याच्यावर पाला नायतर चिपाडं, अन् वर हीऽऽ माती." त्याने हाताने कोपरापर्यंत माप दाखवलं. "पावसाच्या आधी दर साली वर पांढरी माती टाकून बडवायची, नायतर गळतं. ती आशी घट बसती की कुदळ लागंल. अन् उकरलं की ती खाली पडणार. येशूच्या बी डोक्यावर पडली आसंल." थोडा थांबून तो म्हणाला, "घरमालक वरडला आसंल. पण येशू काय वरडला नाय."

मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. पण तो उतारा वाचताना येशूच्या केसांत माती माझ्या डोळ्यांना कधी दिसली नव्हती. खोलीतली सगळी मुलं त्याच्याकडे वळून बसली. कुणाच्या तरी आजीच्या घराचं माळवद निघालं, मग चौघांपैकी एकाने मध्येच 'मला जमणार नाही' म्हटलं असतं तर काय, असं निघालं. त्यावर तर चांगलंच जुंपलं. मुलीने तयार करून आणलेला तिसरा प्रश्न विचारायची वेळच आली नाही. नंतर चहा गाळताना ती मला म्हणाली, "मी बोलले असते ना, तर तो आजही बोलला नसता." माझ्या मते तिने वर्षभरात केलेलं सगळ्यात मोठं काम ते होतं. शाळेतल्या एकाही ढालीसाठी तिला एवढा जोर लावावा लागला नसेल.

रविवारी उपासनेनंतर 29 जणांचं काम. दोघी-दोघींनी मुलींच्या खोल्यांवर जायचं, मुलांनी मुलांच्या. तिच्याबरोबर मी एका खोलीवर गेले. तिथली मुलगी दोन विषयांत नापास झाली होती आणि गट सोडून महिने झाले होते. आम्हाला पाहून तिने आधी शास्त्र शोधून टेबलावर ठेवलं, तपासायला कुणी आल्यासारखं. आमच्या मुलीने त्याकडे पाहिलंही नाही. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालायला बसली आणि विचारलं, "गणित कुठवर आलंय?" पाऊण तास गणितच झालं. निघताना प्रार्थना करू का, असं तिने विचारलं. मुलगी 'नको' म्हणाली. "बरं," ती म्हणाली, आणि आम्ही निघालो. जिन्यात वही उघडून तिने लिहिलं: 'बुधवार, इंटिग्रेशन.'

या कामाची दुसरी बाजू मी पाहिली नाही असं नाही. दुसऱ्या वर्षी तिचे स्वतःचे गुण बरेच घसरले होते. वडील चिडून नगरला आले होते, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. घरातली पहिली पदवी आहे ती. तेव्हापासून परीक्षेच्या महिन्यात गटाची जबाबदारी दुसऱ्यांकडे जाते, हा नियम झाला. 'मुलांना बाटवता का?' असा प्रश्नही तिला हॉस्टेलवर विचारला गेला आहे. त्यावर ती वाद घालत नाही. कुणालाही कधीही शनिवारी येऊन बसता येईल, एवढं सांगते. आणि एका शिबिरात मी मंचावरच्या साक्षी ऐकल्या. आपण आधी किती वाईट होतो हे जितकं रंगवून सांगावं तितक्या टाळ्या. विशीतल्या मुलांना ते सांगायला लावणं मला आवडलं नाही, आजही आवडत नाही. देवाच्या कामात प्रकाशझोत लवकर मिळाला की माणूस त्याच जागी उभा राहतो, पुढे सरकत नाही, असं मला वाटतं. स्वयंपाकघरातलं लाल पेन आणि जिन्यात लिहिलेली नोंद, वाढ होते ती इथे.

आणखी एक गोष्ट या गटांना वाढवते, ती म्हणजे पदवी. तीन वर्षांनी नेतृत्व जाणारच. जो तयार झाला तो गाव सोडतो आणि जो तयार नाही त्याच्या हाती गट येतो. मार्चमध्ये मुलीने वही पाथर्डीच्या मुलाकडे दिली. क्लिप लावलेली पानं तिने आधी फाडून घेतली होती. ती ज्यांची गुपितं होती त्यांनी ती तिला सांगितली होती, पदाला नव्हे, हे तिला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. नावं तेव्हा 43 झाली होती, येत होते 14. मुलाने मनातल्या मनात वजाबाकी केली. "म्हंजी 29च राह्यले," तो म्हणाला.

त्याचा पहिला गुरुवार रूथच्या पुस्तकावर होता, दुसरा अध्याय. रूथ कापणी चाललेल्या शेतात सरवा वेचायला जाते आणि शेताचा मालक बवाज कापणी करणाऱ्यांवरच्या माणसाला विचारतो, ही कोण? मुलाने पाच प्रश्न आणले होते. सरांनी दोन खोडले आणि तिसऱ्यावर पेन ठेवलं. तो प्रश्न असा: 'मुकादमाने मालकाला रूथबद्दल काय सांगितलं?'

"हे बारीकसारीक झालं," सर म्हणाले. "रूथकडे आणि बवाजकडे चल."

"नाय सर," मुलगा म्हणाला. "मुकादम म्हनतो, ही सकाळधरनं उभीय. जराशीच काय ती बसली. त्यानं एवढं सांगितलं नसतं तर मालकाला काय कळलं आसतं? मुकादम गप बी बसू शकत व्हता. आमच्याकडं गपच बसत्यात."

सरांनी मुलीकडे पाहिलं. ती सोलत असलेल्या वाटाण्यांकडे पाहत राहिली. तिचं मत त्या टेबलावर आता मोजायचं नव्हतं, आणि तिने ते दिलं नाही.

प्रश्न राहिला. शनिवारी पाऊण तास त्याच्यावरच गेला.