पाठविलेल्या पत्राची खूणगाठ

एखादे काम विसरू नये म्हणून जुन्या पिढीतील स्त्रिया पदराच्या टोकास गाठ मारून ठेवीत. गोव्यात माझी आजी हेच करी. सांजवेळी दिवा लावताना ती गाठ हातास लागली की, "अगो, उगडास आयलो!" असे म्हणून ती लगबगीने उठे. 'उगडास' म्हणजे आमच्या कोंकणीत आठवण. पुढे मराठी शिकताना 'खूणगाठ बांधणे' हा वाक्प्रचार भेटला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीचा तो पदरच उभा राहिला.

संगणकावरून धाडलेल्या ई-मेलला अशी गाठ कशी मारावी, हे येथे सांगावयाचे आहे. परंतु ती न मारल्याने काय होते, ते आधी सांगते. कारण तो अपराध माझ्याच हातून घडला आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या बऱ्हाणपुरातील एक मुलगी बारावी उत्तीर्ण झाली आणि तिने जळगावच्या महाविद्यालयात जाण्याचे ठरविले. वडील यंत्रमागावर कामाला. घरातून महाविद्यालयात जाणारी ती पहिलीच. तिच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावात एका अक्षराची चूक होती. ती दुरुस्त होऊन मिळाल्यावाचून परप्रांतात लागणारे स्थलांतर प्रमाणपत्रही अचूक निघणार नव्हते. मी १५ मे रोजी संबंधित कार्यालयास ई-मेल लिहिला, अर्थातच हिंदीतून, आणि 'झाले काम' म्हणून निर्धास्त झाले. ३ जूनला ती मुलगी दारात येऊन उभी राहिली. "बाई, उत्तर आलं का?" या एकोणीस दिवसांत त्या पत्राची मला एकदाही आठवण झाली नव्हती! दूरध्वनी केला तेव्हा कळले, की पत्र पोहोचले होते, पण त्यासोबत जोडावयाचा दाखला मी जोडलाच नव्हता. चौथ्या दिवशी एका ओळीने विचारणा केली असती, तर ही चूक तेव्हाच उघडकीस आली असती. पुढे धावपळ करून, प्रवेशाची मुदत संपण्यास चार दिवस उरले असताना, कागद हाती आले. त्या दिवसांत तिच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे मला धैर्य होत नव्हते.

हे असे का होते? आलेले पत्र आपल्यासमोर पडून असते. ते उत्तर मागत राहते. पाठविलेले पत्र मात्र 'सेंट आयटम्स' नावाच्या कप्प्यात जाऊन बसते, आणि तिकडे कोणी फिरकत नाही. कागदी टपालात पोचपावती तरी होती. रजिस्टर पत्राची पावती सहीनिशी परत आली नाही, की मन आपोआप साशंक होई. ती रजिस्टर सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली.

कचेऱ्यांनी मात्र हा रोग फार पूर्वी ओळखला होता. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत 'सहा गठ्ठा पद्धत' म्हणून एक शिस्त आहे. कारकुनाने आपल्याजवळचे सर्व कागद सहा गठ्ठ्यांत लावावयाचे. त्यांपैकी एका गठ्ठ्याचे नाव 'प्रतीक्षाधीन'. किती समर्पक शब्द! ज्या प्रकरणी आपण दुसऱ्यास लिहिले आहे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत आहो, ती प्रकरणे या गठ्ठ्यात राहतात. तो गठ्ठा ठरावीक दिवशी सोडून पाहावयाचा आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांना स्मरणपत्र धाडावयाचे. पाश्चात्य कचेऱ्यांत याच कामासाठी त्रेचाळीस पाकिटे ठेवीत : महिन्याच्या दिवसांची एकतीस आणि वर्षाच्या महिन्यांची बारा. ज्या तारखेस आठवण व्हावयास हवी, त्या तारखेच्या पाकिटात कागद टाकावयाचा आणि रोज सकाळी त्या दिवसाचे पाकीट उघडावयाचे. घरी संगणक नसला तरी वहीच्या एकतीस पानांवर हे कोणासही करता येईल.

संगणकावर हा गठ्ठा आपोआप सुटतो, एवढाच काय तो फरक. आमच्या शाळेच्या कार्यालयात विंडोजवरील जुन्या धाटणीचे आउटलुक आहे. त्याची रीत सांगते. पत्र लिहून झाले की 'सेंड' दाबण्यापूर्वी वरच्या पट्टीवरील तांबड्या निशाणाकडे पाहावे. तेथे 'फॉलो अप' असे लिहिलेले असते. ते दाबून 'अ‍ॅड रिमाइंडर' निवडले म्हणजे एक लहान चौकट उघडते. तीत 'रिमाइंडर'पुढे खूण करून तारीख व वेळ भरावी आणि मग पत्र पाठवावे. गाठ विसरून पत्र गेलेच असेल, तर 'सेंट आयटम्स'मध्ये ते शोधून त्यावर माउसचे उजवे बटण दाबावे. तेथेही हाच पर्याय मिळतो. थंडरबर्ड ही विनामूल्य मिळणारी प्रणाली वापरणाऱ्यांस पत्रावरून दिनदर्शिकेत नोंद किंवा काम तयार करून त्यास स्मरणाची वेळ लावता येते.

येथे नवशिक्याची एक फसगत होते. त्याच यादीत 'टुमॉरो', 'नेक्स्ट वीक' असे तयार पर्याय असतात. ते निवडले की निशाण लागते, पण वेळ झाल्यावर चौकट काही वर येत नाही. ती यावयास रिमाइंडर निराळा लावावा लागतो. शिवाय आउटलुक बंद असेल, तर ते बिचारे काय सांगणार? ते उघडल्यावर मात्र राहून गेलेली स्मरणे समोर येतात. म्हणून सकाळी कार्यालय उघडताच ते सुरू करण्याचा परिपाठ आम्ही ठेविला आहे.

समोर आलेल्या चौकटीत दोन बटणे महत्त्वाची. 'स्नूझ' म्हणजे जरा वेळाने पुन्हा सांग. 'डिसमिस' म्हणजे आता पुरे. घाईत 'डिसमिस' दाबण्याचा मोह होतो, आणि तो दाबला म्हणजे गाठ सुटून जाते. काम झाले नसेल तर 'स्नूझ'च दाबावे. पत्र मिळणाऱ्याच्या संगणकावरही रिमाइंडर लागावा, अशी एक सोय आउटलुकात आहे. पण वडीलधाऱ्यांस किंवा अधिकाऱ्यांस लिहिताना ती वापरणे मला उद्धटपणाचे वाटते. गाठ आपल्या पदरास मारावी, दुसऱ्याच्या नव्हे.

तारीख कोणती घालावी? पुष्कळ जण अंतिम मुदतीचीच तारीख घालतात, आणि मग आठवण होते ती पश्चात्तापापुरती! मुदतीपूर्वी दोनदा लिहिता येईल इतके अंतर राखावे. साधे काम असेल तर मी चौथा दिवस धरते. रविवार व सणवार टाळते.

स्मरणपत्रही नव्याने लिहू नये. मूळ पत्रावरच उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे मागचा मजकूर वाचणाऱ्याच्या समोर राहतो. भाषा तक्रारीची नको. "दिनांक १५ मेचे पत्र आपणांस मिळाले असावे. सोबतची कागदपत्रे पूर्ण आहेत की त्यांत काही न्यून आहे, एवढे कृपया कळवावे. प्रवेशाची अंतिम तारीख १२ जून आहे." इतके पुरे. 'न्यून' विचारल्याने उत्तर देणाऱ्यास काय सांगावयाचे ते सुचते, आणि आपली चूक असेल तर तीही समजते.

उत्तर आले की निशाणावर 'मार्क कम्प्लीट' दाबावे. तांबड्या निशाणाच्या जागी बरोबरची खूण उमटते. या वर्षी एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीचे पत्र माझ्या यादीत अजून तांबडेच आहे. त्याची वेळ सोमवारी सकाळी साडेदहाची लावली आहे, आणि जोडावयाचा दाखला जोडला आहे की नाही, हे मी दोनदा उघडून पाहिले आहे.