सोयाबीनमधील प्रतिबंधक प्रथिन

सोयाबीनमध्ये प्रथिने विपुल असतात. तरीही कच्च्या सोयाबीनवर पोसलेल्या उंदरांची वाढ खुंटते आणि तेच दाणे शिजवून दिले की ती सुधारते, असे ऑस्बर्न व मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ साली दाखवून दिले. या कोड्याचे एक प्रमुख कारण पुढे उलगडले. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. ट्रिप्सिनला निष्प्रभ करणे हा त्याचा गुणधर्म होय.

ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून आतड्यात येणारे पाचक एन्झाइम. प्रथिनांची साखळी ते लायसिन व आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी तोडते. कुनिट्झ यांच्या प्रथिनात १८१ अमिनो आम्ले असून त्याच्या बाहेर आलेल्या एका वळणावर आर्जिनिन असते. ट्रिप्सिन त्याला भक्ष्य समजून धरते. पण ही पकड इतकी घट्ट बसते, की ना तोडणे पुरे होते, ना सुटका होते. कुलपात किल्ली अडकून बसावी तसे घडते. एका रेणूने एका रेणूला अडवावे, असा हा हिशेब आहे.

आहारातील हा दोष प्रयोगशाळेत गुण ठरतो. काचपात्राच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी सुट्या करण्यासाठी ट्रिप्सिन वापरतात. काम होताच ते आवरले नाही, तर पेशींना इजा होते. पोषकद्रवात रक्तजल असेल, तर तेच ट्रिप्सिनला आवरते. नसेल, तेव्हा हे प्रथिन घालावे लागते.

त्याची हाताळणी अवघड नाही. भुकटी कोरडी व थंड ठेवावी. द्रावण लहान कुप्यांत वाटून उणे २० अंश सेल्सिअसवर गोठवावे. ते वारंवार वितळवू नये, की जोराने हलवून फेसाळू नये. जंतुरहित करण्यासाठी ते वाफेच्या दाबाखाली न ठेवता सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळावे. कारण उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याचे सामर्थ्य जाते.

मात्र थोडाच वेळ तापवून थंड केल्यास ही घडी पुन्हा पूर्ववत बसू शकते. म्हणून सोयाबीन नुसते गरम करून भागत नाही. ते भिजवून नीट शिजवावे लागते. जी वाफ प्रयोगशाळेत या प्रथिनापासून दूर ठेवायची, तीच स्वयंपाकघरात त्याला भरपूर मिळू द्यायची. दाण्यांतील पोषण अंगी लागणे त्यावरच अवलंबून असते.