कपाटाची किल्ली

पालघर जिल्ह्यातल्या माहीमला मी ज्या शाळेत शिकलो, तिथलं ग्रंथालय म्हणजे मोठ्या गुरुजींच्या खुर्चीमागचं पत्र्याचं कपाट. खाऱ्या हवेनं खालचा कप्पा गंजून त्याची जाळी झालेली. चार वर्षांत ते माझ्यासमोर दोनदा उघडलं, दोन्ही वेळा तपासणीला साहेब येणार होते म्हणून. पुस्तकं कोरी होती, फक्त ओल लागून एकमेकांना चिकटली होती. हाताळलेलं पुस्तक फाटतं, पण त्याला बुरशी क्वचितच धरते. तेव्हापासून कुठल्याही शाळेत गेलो की मी आधी कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते विचारतो. घरी याला खोड म्हणतात.

पण किल्ली मिळून भागत नाही, पुस्तकापर्यंत प्रत्येक मूल पोचायला हवं. आधी कायद्याचं उरकून घेतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, गोष्टीची पुस्तकं हवीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ‘समग्र शिक्षा’ योजनेतून प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळतात. झालं.

आता रॅम्प. दोन पायऱ्यांचा मिळून एक फूट चढ असेल, तर रॅम्प बारा फूट लांब हवा. बऱ्याच ठिकाणी तो पाच फुटांत आटोपलेला दिसतो. त्यावरून गुरुजींची मोटारसायकल चढते, व्हीलचेअर नाही. (मी टेप जवळ बाळगतो.) आत खुर्ची वळवायला पाच फुटांची मोकळी जागा लागते. म्हणून जुन्या खोलीत नवं काही आणण्याआधी मोडके बाक आणि निवडणुकीचे फलक बाहेर काढावेत. मांडणी तीन फुटांच्या वर नको. पुस्तकांची पाठ नव्हे, मुखपृष्ठ दिसायला हवं. ऐपत नसेल तर सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात.

पण माझा जीव रमतो आमच्याच जिल्ह्यातल्या कोसबादला. तिथल्या टेकडीवर मी तीनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा काही काम नसताना. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७मध्ये ते कोसबादला आलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण कडेवर धाकटं भावंड असायचं, नाहीतर हातात गुरांची काठी. दोघींनी आईबापांना दोष दिला नाही. पाड्यावर अंगणवाडी नेली, शाळेला पाळणाघर जोडलं आणि गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. मोजायला शिंपले, बिया, पानं. ‘समावेशक’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

आज अडतं ते भाषेपाशी. पाड्यावरच्या पोराची वारली, किनाऱ्यावरच्याची मांगेली किंवा वाडवळी, बोईसरच्या चाळीत कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाची भोजपुरी. तिघांनाही छापील मराठी परकीच. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ संस्था ‘गोष्टरंग’मधून पुस्तकातल्या गोष्टी नटांकरवी मुलांसमोर उभ्या करते, ही युक्ती मला फार आवडते. नट नसतील तर मुलांनी सांगितलेली गोष्ट बाईंनी त्यांच्याच बोलीत, बोटाएवढ्या अक्षरांत लिहून दोऱ्यानं शिवावी. कमी दिसणाऱ्या मुलालाही तेच पुस्तक चालतं. चित्रांवर फेविकॉल लावून रेती भुरभुरली, की न दिसणाऱ्याच्या बोटांनाही काही सापडतं. रेती माहीमच्या किनाऱ्यावर फुकट आहे.

एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत निघालेली जुनी गाइडं आणि डायऱ्या शाळेला ‘भेट’ देऊ नका. त्यासाठी रद्दीवाला दारावर येतोच.