फोन घरी राहिला की पोटात गोळा का येतो?

परवा रिक्षात बसल्यावर खिसा चाचपला आणि पोटात गोळाच आला. फोन घरीच! या भीतीला 'नोमोफोबिया' म्हणतात. 'नो मोबाइल फोन फोबिया'चं हे लघुरूप २००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका पाहणीतून आलं. ती मोजायला २०१५ मध्ये अमेरिकेत २० प्रश्नांची प्रश्नावलीही बनली.

पण मला विचाराल तर हे सगळे मनाचे खेळ नाहीत. रिक्षाचे पैसे यूपीआयने, ऑफिसचं लॉगिन ओटीपीने. आणि ओटीपी मागणारा कोड लिहितं कोण? आमच्यासारखेच! (हसू)

रिक्षावाले काका म्हणाले, "माझ्या फोनवरून लावा की घरी." पण आईचा नंबर आठवेचना. आमच्या घरचा जुना लँडलाइन नंबर मात्र अजून पाठ आहे. तो कधीच बंद झालाय.